कागद 2021 चा, गाडी 2019 ची: जुनी डर्ट बाईक घेताना माझे 92,000 रुपये कसे गेले

विसार म्हणून 10,000, गाडी ताब्यात घेताना रोख 60,000 आणि तिथेच उभे राहून यूपीआयने 22,000, असे एकूण 92,000 रुपये मी एका जुन्या डर्ट बाईकसाठी मोजले. टेम्पोचे भाडे 1,800 आणि आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) काढून देणाऱ्या एजंटाचे 3,500 धरले, तर आकडा 97,300 होतो. इतके पैसे देऊन माझ्या अंगणात आज जी गाडी उभी आहे, तिची नोंदणी माझ्या नावावर कर्नाटकात होत नाही आणि तिची कागदपत्रे महाराष्ट्रातल्या एका वेगळ्याच गाडीची आहेत. हे चारचौघांत सांगायला लाज वाटते. परंतु खानापूर, बेळगाव, चंदगड या पट्ट्यात अशा गाड्या शोधणारी पुष्कळ मुले आहेत आणि पुढच्या माणसाचे पैसे तरी वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

जांबोटीच्या वर पावसाळ्यात काजूच्या बागेपर्यंत जायचे, तर साध्या दुचाकीचे चाक चिखलात रुतते. म्हणून पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची आऱ्यांची चाके असलेली हिरो एक्सपल्स 200 घ्यायचे ठरवले. सीमेपलीकडच्या एका विक्रेत्याकडे महाराष्ट्र पासिंगची गाडी होती. मॉडेल 2021, मीटरवर 11,400 किलोमीटर आणि मागणी 1,05,000. मी डोळे झाकून गेलो नव्हतो. गाडीचा नंबर आधी मागवून घेतला आणि परिवहन खात्याच्या ॲपवर तपासला. उत्पादनाचे वर्ष 2021, विमा चालू, बँकेचा बोजा नाही, हे सगळे विक्रेत्याच्या सांगण्याशी तंतोतंत जुळले. "बघून घ्यायला काय झाले होते" असे आज मला ऐकवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, सर्वसामान्य माणूस जितकी खात्री करतो तितकी मी केली होती. ॲप फक्त नंबर प्लेटची माहिती देते आणि ती प्लेट कोणत्या लोखंडावर बसवली आहे हे त्याला कळत नाही, ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती.

व्यवहार महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीजवळ झाला. मी पोचलो तेव्हा इंजिन गरम होते. "आत्ताच पेट्रोल भरून आणली" असे तो म्हणाला. (गाडी थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करून घ्या. सुरू होताच सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर व्हॉल्व्ह सीलचे दुखणे सांगतो आणि गरम इंजिनात तो पुष्कळदा दिसत नाही.) गाडी धुऊन पुसून ठेवली होती. आरे चकाकत होते, टाकीवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. फक्त हँडलच्या खाली, मानेवर जिथे चेसिस नंबर ठोकलेला असतो तिथे, काळ्या ग्रीसचा जाड थर होता आणि त्यावर लाल माती घट्ट बसली होती. मी नंबर दाखवा म्हणालो. त्याने स्वतःच्या मोबाईलचा टॉर्च लावला, दुसऱ्या हातात आरसी (नोंदणीचे कार्ड) धरली आणि त्या ग्रीसवरून बोट फिरवत आरसीवरचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. मला शेवटचे दोन आकडे कसेबसे दिसले आणि ते जुळले. अख्खी गाडी आरशासारखी लख्ख असताना तेवढीच दोन बोटांची जागा मळकी का, हा प्रश्न त्या क्षणी विचारायला हवा होता, आणि आज रात्री झोपेतही तोच प्रश्न डोक्यात घुमतो. इंजिनासमोर तेल थंड ठेवणारा ऑइल कूलर नव्हता, तोही मी विचारला होता. "दगड लागून फुटतो, म्हणून जंगलात फिरवणारे काढून टाकतात" असे उत्तर इतक्या सहजपणे आले की, अशा गाड्यांची माहिती असणाऱ्यालाही ते पटले असते.

खरे काय ते बेळगावच्या मेकॅनिकने उघड केले. त्याने रॉकेलच्या चिंधीने मान पुसली, पातळ कागद लावून वरून शिसपेन्सिल घासली आणि चेसिस नंबरची छाप कागदावर उमटली. सतरा अक्षरांच्या या नंबरात हिरोच्या गाड्यांचे दहावे अक्षर उत्पादनाचे वर्ष सांगते: के म्हणजे 2019, एल म्हणजे 2020, एम म्हणजे 2021. आरसीवर एम होता आणि लोखंडावर के. म्हणजे 1 एप्रिल 2020 ला धुराचे बीएस 6 नियम लागू होण्याआधीची, जुन्या बीएस 4 नियमांच्या काळातली गाडी. ऑइल कूलर बीएस 6 मॉडेलपासून आला, त्यामुळे या गाडीला तो कधी नव्हताच. पुढच्या टायरच्या बाजूला 2319 असा चार आकडी शिक्का होता, म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. 2021 च्या गाडीवर दोन वर्षे आधीचा टायर कसा, एवढे जरी कोणी विचारले तरी विक्रेत्याची बोबडी वळेल. टायर बदललेला असेल तर बाजूचे प्लॅस्टिक पॅनेल काढून आतून पाहा; साच्यातच उमटलेली तारखेची चकती पुष्कळ भागांवर असते.

मीटरचे किलोमीटर तर विसरूनच जा. चिखलात चाललेली गाडी सांध्यांतून बोलते. मागचे चाक धरून आडवे हलवले तर ते चाक धरणारा स्विंगआर्म खटखट वाजत होता, पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचे ओघळ होते, मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात एका बाजूला वाकून टोकदार झाले होते आणि खालची संरक्षक पट्टी काढल्यावर इंजिनाच्या तळाला वेल्डिंगचा जुना डाग दिसला. दुरुस्तीचा अंदाज 7,850 रुपये निघाला. 2021 ची कागदपत्रे अपघातात मोडीत गेलेल्या गाडीची असावीत, असे मेकॅनिकचे मत पडले. ही गाडी चोरीची आहे की काय, या भीतीने मी त्या दिवसापासून ती रस्त्यावर काढलेली नाही.

यानंतर जे सुरू झाले त्याचा संताप फसवणुकीपेक्षाही जास्त आहे. सीमेअलीकडच्या, कर्नाटकातल्या पोलीस ठाण्यात सांगितले की, पैसे महाराष्ट्रात दिले, तेव्हा तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात सांगितले की, तुम्ही कर्नाटकातले, तुमची बँकही तिथलीच, तेव्हा तक्रार तिथेच द्या, आणि वर हा दिवाणी व्यवहार असल्याचे शहाणपणही शिकवले. परत आलो, तर मराठीत लिहिलेला अर्ज कन्नडमध्ये करून आणायला लावला. त्याचे टंकलेखकाने 300 रुपये घेतले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. गाडी तपासणीसाठी घेऊन येतो म्हणालो, तर "इथे ठेवलीत तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत गंजेल" अशी भीती घातली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेत 22,000 रुपयांची तक्रार केली, तेव्हा ते पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवले आहेत, असे बँकेचे उत्तर आले. ते खाते विक्रेत्याच्या नावावर नव्हतेच, हे मी तीनतीनदा सांगूनही कोणी टिपून घेतले नाही. (आरसीवरच्या नावाखेरीज दुसऱ्या कोणाच्याही खात्यावर एक रुपया पाठवू नका.) 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. हा कायदा दोन्ही राज्यांत सारखाच आहे, तरीही दोन्हीकडे मला हद्दच दाखवण्यात आली. सीमाभागातल्या माणसाने कर दोन्हीकडच्या नियमांनी भरायचा आणि न्याय मागायला गेला की मात्र त्याला कोणाचाच म्हणायचे नाही, हा कुठला न्याय?

ठाणे दाद देत नसेल तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. पेन्सिलची छाप, टायरच्या शिक्क्याचा फोटो आणि यूपीआयच्या पावत्या जोडून मी तसा अर्ज पाठवला आहे आणि तिथूनही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. तुम्ही परराज्याच्या पासिंगची गाडी पाहायला निघाला असाल तर पातळ कागद, शिसपेन्सिल आणि रॉकेलची चिंधी खिशात ठेवा, छाप स्वतःच्या हाताने घ्या आणि ती आरसीशी अक्षर न् अक्षर जुळेपर्यंत विसाराचे 500 रुपयेसुद्धा देऊ नका. मान पुसू न देणाऱ्या विक्रेत्याशी बोलणे तिथेच थांबवा.