भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर आणि माझे ३४ हजार

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या जुन्या रेडिओ-नळ्यांवर चालणारा गिटार अॅम्प घरी बांधायचा म्हणून पैसे साठवत बसलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. माझे ३४ हजार गेले, त्याचं दुःख आहेच. पण माझ्या दहावीतल्या मुलाच्या तोंडापासून हातभर अंतरावर एक कपॅसिटर (विजेचा चार्ज साठवणारा डबीसारखा भाग) फुटला, तो आवाज अजून कानातून जात नाही. तुमच्या घरात तसं होऊ नये.

मी बेळगावात शहापूरला राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. गिटार कॉलेजपासून वाजवतोय. गेल्या वर्षी चोर्ला घाटातून गोव्याला गेलो होतो, तिथं मित्राकडं पाच वॅटचा जुना व्हॉल्व्ह अॅम्प ऐकला. तार हळू छेडली की स्वच्छ आवाज, जोरात मारली की त्याच आवाजाला धार. परत येईपर्यंत मनात पक्कं झालं, असला एक आपण बांधायचाच.

सर्किट निवडलं ते फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या चॅम्प नावाच्या लहान अॅम्पचं, मॉडेल ५एफ१. शिकणाऱ्यासाठी याच्यापेक्षा सोपं दुसरं नाही असं माझं आजही मत आहे. तीनच व्हॉल्व्ह: पुढं १२एएक्स७, आउटपुटला एकच ६व्ही६ आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. चेसिसचा पत्रा कामावरच्या दोस्तानं वाकवून दिला, खोकं सुतारानं केलं. अडलं ते ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हपाशी.

तेव्हा ओळखीच्या ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. ‘बुटीक अॅम्प’ बनवतो म्हणाला. बुटीक म्हणजे लहान वर्कशॉपात हातानं वायरिंग केलेला, एकेक नग. पण हा शब्द कुणीही वापरू शकतो, त्याला कसला शिक्का नाही की परवाना नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. हातानं गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला), मलार्ड या इंग्लिश कंपनीचे जुने व्हॉल्व्ह, ४५० व्होल्टचे कपॅसिटर, असा अख्खा सेट ३४ हजारांत. “एकच सेट राहिलाय सर, गोव्याचा एक जण मागायलाय.” २० हजार आधी पाठवले, १४ हजार पार्सल निघायच्या आधी. बिल मागितलं तर म्हणाला, टॅक्स वेगळा पडेल. ट्रान्सफॉर्मरचे आकडे विचारले तर म्हणाला, “आवाज ऐका सर, आकड्यांत काय आहे?” त्याच वाक्याला मी फोन ठेवायला पाहिजे होता. व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये सगळं आकड्यांतच असतं.

तीन रविवार सोल्डरिंग केलं. चालू केला तेव्हा हमिंग भरपूर आणि जाड तारेचा आवाज डबा बडवल्यासारखा. पोरगा वाकून आत बघायला लागला होता, ‘बाबा, व्हॉल्व्ह पेटले!’ म्हणून. दहा मिनिटं झाली असतील, फट् करून पहिला फिल्टर कपॅसिटर उडाला. खोलीभर उग्र वास, कागदाच्या चिंध्या. पोराला काही झालं नाही, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी सगळं पिशवीत घालून आमच्या भागातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांकडं गेलो. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. सेटमधला शिल्लक राहिलेला दुसरा कपॅसिटर व्हाइसमध्ये धरला आणि करवतीनं डब्याची कड कापली. आतून अंगठ्याएवढा दुसराच कपॅसिटर निघाला, भोवती कागद कोंबलेला. त्याच्यावर छापलेलं होतं, २५० व्होल्ट. बाहेरच्या वेष्टनावर ४५०. माझ्या अॅम्पमध्ये त्या जागेवर साधारण ३५० व्होल्ट येत होते.

“वरचा कागद वाचून घेतलास काय रे हे?” एवढंच म्हणाले.

मग ट्रान्सफॉर्मर. ही चाचणी नीट समजून घ्या, घरी करता येते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून सुटा करायचा. एका लहान ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी त्याच्या प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीला) द्यायचे आणि स्पीकरच्या बाजूला किती येतात ते मल्टिमीटरनं बघायचं. ६व्ही६ ला ट्रान्सफॉर्मरमधून साधारण ५,००० ओहमचा लोड दिसायला लागतो. व्होल्टच्या प्रमाणाचा वर्ग गुणिले स्पीकरचे ओहम, म्हणजे तो लोड. ८ ओहमच्या स्पीकरला ते प्रमाण २५ ला १ पडतं, म्हणजे मीटरवर ०.४८ व्होल्ट दिसायला पाहिजेत. माझ्याकडं दिसले १.०७. प्रमाण झालं ११.२. त्याचा वर्ग १२५, गुणिले ८, बरोबर १,००० ओहम. काकांनी पेन्सिलीनं वहीत मांडलं: १०० व्होल्टचा वर्ग भागिले १० वॅट, तेही १,००० च. मंडळाच्या भोंग्याला १०० व्होल्टच्या लाईनवर लावतात तो दहा वॅटचा लाईन ट्रान्सफॉर्मर! वर नुसती पिवळी टेप गुंडाळली होती.

त्यात आणखी एक मेख आहे. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी करंट वाहतो, ४०-४५ मिलीअँपिअर. म्हणून त्याच्या ई आणि आय पत्र्यांमध्ये कागदाची पट्टी घालून फट ठेवतात. भोंग्याच्या ट्रान्सफॉर्मरला ती फट नसते. पत्रे एकमेकांत गुंफलेले असतात, लोखंड लगेच सॅच्युरेट होतं (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि खर्ज मरतो. डबा बडवल्यासारखा आवाज त्यामुळंच येत होता.

व्हॉल्व्हचं तर विचारू नका. ओल्या फडक्यानं मलार्डचं नाव पुसलं गेलं. तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही हं, खऱ्या जुन्या मलार्डवरची छपाईसुद्धा सहज पुसते. पण इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या व्हॉल्व्हला बुडाजवळ काचेत कोरलेला बारीक कोड असतो, त्याची दुसरी ओळ ‘बी’नं सुरू होते. माझ्या १२एएक्स७ वर काहीच कोरलेलं नव्हतं. शिवाय मलार्ड या नावाखाली रशियात नवे व्हॉल्व्हही बनतात, त्यामुळं नुसतं नाव बघून ‘जुना इंग्लिश’ समजू नका. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नका.

सेटमधली मेन कॉर्ड दोन पिनांची होती, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. चेसिसला अर्थिंग नाही. गिटारच्या तारा चेसिसला जोडलेल्या असतात, आणि तारांवर माणसाचा हात असतो. फसवणूक पैशापुरती असती तर मी गिळली असती.

काकांनी मला सिरीजचा बोर्ड करायला लावला. म्हणजे ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब अॅम्पच्या मेन वायरमध्ये सिरीजला, अॅम्पचा करंट बल्बातूनच जाईल असा. पहिल्यांदा चालू करताना बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. बेळगावातल्या कुठल्याही जुन्या रिपेअरिंगच्या दुकानात हा बोर्ड भिंतीवर असतो. आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मीटरनं मोजा, रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, परत मोजा, मगच आत हात घाला.

तक्रारीचं सांगतो. त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, मी पार्सल हातात आलं म्हणून निर्धास्त राहिलो आणि बरेच दिवस गेले. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडं जायचं ठरवलंय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज कन्नडमध्ये एका मित्रानं लिहून दिलाय. पैसे पाठवल्याच्या नोंदी, पार्सलवरचं लेबल, त्याचे मेसेज, सगळं छापून ठेवलंय.

अॅम्प आता वाजतोय. ट्रान्सफॉर्मर गावातल्याच एका वाइंडिंगवाल्याकडून करून घेतला, फट ठेवायला सांगून. पैसे द्यायच्या आधी त्याच्याच टेबलावर १२ व्होल्ट लावले, मीटर ०.४८ वर थांबला, तेव्हा पाकीट काढलं. भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर आणि कापलेला कपॅसिटर पिशवीत घालून कपाटात ठेवलेत. तारीख लागली की घेऊन जायचेत.