‘सुपर प्रायॉरिटी’चे पैसे घेतले, अर्ज मात्र भरलाच नाही

इंग्लंडात स्टुडंट व्हिसावर शिकायला यायचं आणि लग्नानंतर इथूनच स्पाउस व्हिसावर जायचं, अशा आपल्या मुली आता बऱ्याच आहेत. नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याच्याकडे आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी असेल, तर त्यासाठी भारतात परतावं लागत नाही. स्टुडंट व्हिसा संपायच्या आत ऑनलाइन अर्ज करायचा, बस. आम्हाला मात्र हेच एका माणसाने उलटं करून सांगितलं आणि त्या धास्तीवर सहा हजारांहून जास्त पौंड उकळले.

ओळख गणपतीत झाली. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी ‘हे व्हिसाचं बघतात’ म्हणून गाठ घालून दिली. बोलणं लाघवी, गाव आमच्याच बाजूचं. मी लगेच ‘ताई’ झाले, नवरा ‘दाजी’. “दाजी, वकिलाच्या नादी लागू नका, तो तासाचं मीटर लावतो. आपण घरातल्या घरात करू.” फी नऊशे पौंड.

त्याची पद्धत आता नीट कळते. आधी घाबरवायचं, मग त्यावरचा उपाय विकायचा. पहिल्या भेटीत म्हणाला, स्टुडंटवरून स्पाउसला ‘डायरेक्ट’ जाता येत नाही, भारतात जाऊन महिनोन् महिने बसावं लागेल, पण माझ्याकडे मार्ग आहे. तो ‘मार्ग’ म्हणजे सगळ्यांना खुला असलेला, गृहखात्याच्या वेबसाइटवरचा नेहमीचा अर्ज!

दुसऱ्या वेळी आमचं विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट हातात घेऊन मान हलवली. मराठीतलं आहे, महाराष्ट्रातलं आहे, इथे ‘अटेस्ट’ करून नव्याने नोंदवावं लागेल. तीनशे पौंड, रोख. भारतात कायदेशीर झालेलं लग्न इथे पुन्हा नोंदवावं लागत नाही. मराठी कागद असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘भाषांतर अचूक आहे’ असं लिहिलेलं हवं. तीनशे पौंडांत त्याने आम्हाला एक गोल शिक्का मारून दिला. शिक्का कुणाचा, ते आजतागायत वाचता आलेलं नाही.

तिसरी भीती पगाराची. एप्रिल २०२४ पासून उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली आहे आणि नवऱ्याचा पगार त्याच्या खाली होता. “पे-स्लिपा मी बसवून देतो, काळजी सोडा,” म्हणाला. नवऱ्याने तिथे साफ नकार दिला, आणि त्यानेच आम्ही वाचलो. खोटे कागद सापडले तर अर्ज तर जातोच, शिवाय दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. कागद एजंटने केले, ही सबब सहसा चालत नाही. खरं तर त्याची गरजच नव्हती. इथेच राहून, काम करायची परवानगी असताना बायको कमावत असेल तर तिचा पगारही धरतात. मी एकाच दुकानात सहा महिन्यांहून जास्त काम करत होते. दोघांच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट लावली असती की अट आरामात पार होत होती. हे त्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्हाला त्याची गरजच उरली नसती.

मग मोठे पैसे. अर्जाची फी तेव्हा, २०२५ मध्ये, १,३२१ पौंड. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५, अडीच वर्षांचे २,५८७.५०. वर सुपर प्रायॉरिटीचे, म्हणजे झटपट निर्णयाचे, १,०००. आकडे सगळे तेव्हा बरोबर, वेबसाइटशी ताडून पाहिले तरी जुळणारे, म्हणून शंका आली नाही. फरक एवढाच की हे पैसे अर्ज भरताना सरकारी पानावरच कार्डाने भरायचे असतात आणि पावती आपल्या ईमेलवर येते. आम्ही ते त्याच्या खात्यात टाकले. ‘ओरिजिनल होम ऑफिसला पाठवायचंय’ म्हणून पासपोर्टही त्याने ठेवून घेतला. कागद स्कॅन करून अपलोड करायचे असतात, पासपोर्ट बायोमेट्रिक्सच्या, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याच्या, वेळी आपणच दाखवायचा असतो; एजंटकडे तो पडून राहायचं काही कारण नाही.

पुढे नुसतं ‘प्रोसेसमध्ये आहे’. सुपर प्रायॉरिटीत बायोमेट्रिक्सनंतर पुढच्या कामाच्या दिवसाअखेर निर्णय अपेक्षित असतो. आमचं बायोमेट्रिक्ससुद्धा झालं नव्हतं. फार मागे लागल्यावर त्याने एक पत्र पाठवलं. वर मुकुट, खाली सही, मध्ये ‘अर्ज मिळाला, बीआरपी कार्ड टपालाने येईल’.

ते पत्र मी दुकानात एचआरच्या बाईंना दिलं, कारण माझा व्हिसा संपत आला होता. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि बोट ठेवलं बीआरपीवर, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर. ३१ ऑक्टोबर २०२४ नंतर ही कार्डं देणंच बंद झालंय, सगळं ईव्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर आहे. मग त्यांनी पत्रावरचा ईमेल दाखवला. तो साधा जीमेलचा होता, शेवटी जीओव्ही डॉट यूके नाही.

व्हिसा संपायला जेमतेम आठवडा होता. त्या रात्री आम्ही दोघांनी स्वतःच अर्ज भरला, फी दुसऱ्यांदा भरली. मुदतीच्या आत अर्ज आणि फी गेली की १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम ३सी मुळे निर्णय लागेपर्यंत जुनी परवानगी चालू राहते. कागद बायोमेट्रिक्सपर्यंत अपलोड करता येतात. एका नोंदणीकृत वकिलाने तासाभरात सगळं तपासून दिलं. त्याची फी त्या गोल शिक्क्यापेक्षा कमी होती!

पासपोर्ट परत मागितल्यावर ‘दाजी’ म्हणणाऱ्याने पाचशे पौंड मागितले. पोलिसांत जातो म्हटल्यावर संध्याकाळी दारातल्या पायपुसण्यावर पाकीट पडलेलं होतं.

‘मी एका सॉलिसिटरच्या हाताखाली काम करतो’ हे त्याचं पालुपद होतं. खरं असतं तर एका मिनिटात तपासता आलं असतं: सॉलिसिटरचं नाव एसआरएच्या, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, यादीत मिळतं, बाकी सल्लागारांचं इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीच्या. जानेवारी २०२५ पर्यंत तिचं नाव ओआयएससी होतं, त्यामुळे जुने बोर्ड अजून दिसतील. याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. परवान्याशिवाय असा सल्ला देणं हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आम्ही त्या अथॉरिटीकडे आणि पोलिसांत तक्रार केली आहे. अजून तरी तो मोकळाच आहे, नंबर तेवढा बदललाय.

बँकेने आधी ‘हा तुमचा आपसातला वाद’ म्हणून हात झटकले. खोटं पत्र आणि यादीत नाव नसल्याचा पुरावा दिल्यावर खात्यात टाकलेले पैसे शंभर पौंड कापून परत आले; ७ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या फास्टर पेमेंट्सना, म्हणजे बँकेतून लगेच होणाऱ्या ट्रान्सफरना, तसा नियमच आहे. रोख दिलेले तीनशे गेले ते गेलेच. मंडळात त्याला पैसे दिलेल्या आणखी दोघी भेटल्या आहेत. आणखी कुणी असेल तर बँकेकडे दावा करायला शेवटच्या पेमेंटपासून १३ महिने मिळतात, आणि चॅट पुसू नका, आमच्या दाव्यात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.