मुलांचे दात पहिल्यांदा कधी दाखवायचे? जळगावच्या ऑर्थो क्लिनिकचा आमचा अनुभव

आधीच सांगते, ह्या क्लिनिकला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि ते अर्धं कशाचं कापलं ते खाली लिहिलंय. पण लिहायला बसले ते स्टार द्यायला नाही. आपल्याकडे पाचोरा, भडगाव, चाळीसगाव कुठंही विचारा, मुलांना तार लावायची म्हणजे दहावी झाल्यावर, आणि मुलगी असेल तर डायरेक्ट लग्नाचं बघायला लागल्यावर, असंच चालत आलंय. ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात आणि जबडा नीट करणाऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे तार लावायलाच जायचं असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. तसं नाहीये हो. पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास करून घ्यायची, तार लागो न लागो. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनासुद्धा मूल सात वर्षांचं होईपर्यंत एकदा दाखवा असंच सांगते, आणि इथल्या मॅडमनी आम्हाला हेच समजावून सांगितलं.

सातच का, तर साधारण सहा-सात वर्षांला पुढचे दुधाचे दात पडून कायमचे यायला लागतात आणि त्याच सुमाराला सगळ्यात मागं, दुधाच्या दाढांच्याही मागं, कायमची पहिली दाढ येते. ही दाढ येताना कोणताच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही, सगळे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडेल आपोआप म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती आयुष्यभराची असते! तर ह्या दाढा आणि पुढचे दात आले की वरचा जबडा खालच्यावर बरोबर बसतोय का, येणाऱ्या दातांना जागा आहे का, ह्याचा अंदाज डॉक्टरांना येतो, आणि हाडं अजून वाढत असतात म्हणून काही बिघडलेलं असेल तर वळवता येतं.

आम्ही दोन मुलं घेऊन गेलो होतो, माझी मुलगी साडेसात वर्षांची आणि दिरांचा मुलगा नऊचा. सासूबाईंचं म्हणणं होतं, "दूधना दात शेतस, पडी जातीन, कसाले पैसा घालस?" त्या प्रेमानंच म्हणत होत्या, त्यांच्या काळात दाताला कोण डॉक्टरकडे जात होतं. पण जाऊबाईंना बरेच दिवस शंका येत होती, फोटोत पोराची हनुवटी एका बाजूला सरकल्यासारखी दिसायची.

मुलीचं आधी सांगते. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट आहे आणि दोन्ही दात पंख्यासारखे बाहेरच्या बाजूला पसरलेत. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्हाला ही फट बुजवायला लगेच तार लावून टाका असं सांगितलं होतं. इथल्या मॅडमनी तिच्या हातात आरसा दिला, तिचे दात तिलाच दाखवले, हिरडीवरून बोट फिरवून बघितलं आणि सांगितलं की आत्ता काहीच करायचं नाही. वरचे सुळे अजून हाडात आहेत, खाली सरकणाऱ्या सुळ्यांचा दाब बाजूच्या मुळांवर येतो म्हणून दात असे पसरतात, अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की बहुतेक मुलांची फट आपोआप मिटते. नऊ-दहाची झाली की सुळ्यांचा फुगवटा दोन्हीकडे हिरडीवर हाताला लागतो का ते बघू, एकाच बाजूला लागला आणि दुसरीकडे नाही तर एक्स-रे काढू, कारण कधीकधी सुळा टाळूकडे भरकटतो आणि शेजारच्या दाताचं मूळ खराब करतो, वेळेवर कळलं तर नुसता दुधाचा सुळा काढूनसुद्धा काम होतं. फी घेतली तपासणीची ३०० रुपये आणि वर्षानं या म्हणाल्या. तार विकायची संधी समोर असून "थांबा" म्हणणारा डॉक्टर मला तरी फार मोलाचा वाटला.

आता पुतण्याचं. त्याला मॅडमनी हळूहळू दात मिटायला लावलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. दात पहिल्यांदा एकमेकांना टेकले तेव्हा हनुवटी मधोमध होती, आणि पूर्ण मिटायला सांगितलं तशी ती डाव्या बाजूला सरकली, अगदी डोळ्यासमोर! वरचा जबडा अरुंद होता, त्यामुळे एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या, आणि नीट चावता यावं म्हणून पोरगं जबडाच बाजूला नेत होतं. ह्याला क्रॉसबाइट म्हणतात. हा मात्र थांबायचा प्रकार नाही, वाढत्या वयात रोज असं सरकवून चावलं तर जबडा तसाच वाकडा वाढू शकतो.

एक ओपीजी एक्स-रे काढला, म्हणजे तोंडाभोवती मशीन फिरतं आणि सगळे दात एकाच फोटोत येतात, हिरडीच्या आतलेसुद्धा. मग टाळूला एक्सपांडर बसवला, म्हणजे वरचा जबडा रुंद करायचं उपकरण. मधोमध स्क्रू असतो आणि तो घरी आपणच किल्लीनं फिरवायचा. जाऊबाईंचा हात पहिल्या वेळेला थरथरत होता, पण मॅडमनी क्लिनिकमध्येच त्यांच्याकडून करून घेतलं, किल्लीला दोरा बांधून दिला, तो बोटाला गुंडाळायचा म्हणजे सुटली तरी घशात जाणार नाही. किल्ली भोकात घालायची, पुढून मागं घशाच्या दिशेनं ढकलायची, पुढचं भोक दिसलं की थांबायचं आणि किल्ली मागच्या बाजूनंच खाली काढायची, परत पुढं आणली तर फिरवलेलं उलटतं. एका वेळेला पाव मिलिमीटर सरकतं फक्त. टाळूचं हाड मधोमध दोन भागांचं असतं आणि ह्या वयात ती शिवण अजून घट्ट झालेली नसते म्हणून हे जमतं, मोठेपणी एवढं सोपं राहत नाही, कधीकधी ऑपरेशनच लागतं.

आणि काही दिवसांत त्याच्या पुढच्या दोन दातांत फट पडली! दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर रात्री फोन गेला असता. पण मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं, फट पडणार, घाबरू नका, हाड रुंद होतंय त्याची ती खूण आहे आणि ती नंतर बहुतेक आपसूक मिटते. तसंच झालं. सुरुवातीला बोबडं बोलायचा, लाळ गळायची, जेवायला वैताग करायचा. केळी तर आपल्याकडे भरपूर, शेवभाजीच्या रश्श्यात भाकरी चुरून चालली. चिक्की, च्युइंगम, तीळगुळाचे कडक लाडू बंद म्हणजे बंद. स्क्रू फिरवणं थांबल्यावरही तो काही महिने तोंडातच ठेवतात, नवीन हाड भरून घट्ट व्हायला वेळ लागतो. हनुवटी आता मधोमध बसते. पुढं कायमचे सगळे दात आल्यावर तार लागू शकते हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय, एक्सपांडर लावला म्हणजे तार टळली असं खोटं आश्वासन नाही दिलं.

मॅडमनी विचारलेले प्रश्न मला आवडले, रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, अंगठा चोखायची सवय होती का. सतत तोंडानं श्वास घेत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले असतील तर नुसते दात सरळ करून भागत नाही. खालचे दात वरच्या दातांच्या पुढं बसत असतील तर मात्र सातची पण वाट बघू नका, दिसलं की न्या, कारण वरचा जबडा पुढं ओढायचं चेहऱ्यावरचं जे उपकरण असतं त्याचा उपयोग लहान वयातच जास्त होतो. उलट वरचे दात पुढं आणि खालचा जबडा मागं असेल तर त्याचं काम बहुतेक वेळा उंची भराभर वाढायच्या वयात चांगलं होतं, तेव्हा तिथं घाई करायला लावत नाहीत, फक्त पोरगं धडपडं असेल आणि दात फारच पुढं असतील तर पडून तुटायची भीती म्हणून लवकर बघतात. आणि किडीमुळे दुधाची दाढ लवकर काढावी लागली असेल तर ती जागा राखायला स्पेस मेंटेनर लागेल का ते विचारा, मागची दाढ पुढं सरकून बसली की खालून येणाऱ्या दाताला वाटच राहत नाही. आमच्या शेजारच्या पोराचं हेच झालंय, आता जागा करायला दुप्पट खटाटोप चाललाय.

आता अर्धा स्टार. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, आजी-आजोबांना नेणार असाल तर विचार करा. अपॉइंटमेंट घेऊनसुद्धा बसावं लागतंच, आणि वेटिंगमध्ये पंखा एकच, एप्रिल-मे मधलं जळगाव म्हणजे सांगायला नको. फोन लवकर उचलत नाहीत. बाकी पैशाचं काम चोख, एक्सपांडर लावायच्या आधीच एकूण किती, कधी कधी द्यायचे, काय धरलंय काय नाही, सगळं कागदावर लिहून दिलं, हप्ते पण करून दिले.

कुठंही जा पण बोर्डवर एमडीएस आणि त्यापुढं ऑर्थोडॉन्टिक्स लिहिलंय का ते बघा. बीडीएस ह्या दातांच्या डॉक्टरच्या पहिल्या पदवीनंतर तीन वर्षांचं ते वेगळं शिक्षण आहे. साधे दातांचे डॉक्टर वाईट असतात असं अजिबात म्हणत नाही, पण जबड्याच्या वाढीचं गणित ज्यानं तेवढंच शिकलंय त्याच्याकडूनच करून घ्यावं. धुळे-शिरपूरकडच्यांना धुळ्यात एसीपीएम डेंटल कॉलेज जवळ पडतं, कॉलेजात वेळ जास्त जातो पण खर्च साधारण खाजगीपेक्षा कमी येतो, आधी चौकशी करून जा.

ह्या क्लिनिकला जायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, सगळ्या तालुक्यांची गर्दी तेव्हाच असते. मधल्या वारी सकाळी जा, मुलाला खाऊ घालून आणि दात घासून न्या, आधीचा एखादा एक्स-रे असेल तर सोबत घ्या म्हणजे परत काढायला नको.