हाताने शिकायची की डोळ्यांनी? पदवीआधीची दृश्यकला

पदवीच्या आधीच्या दोन वर्षांत दृश्यकला घ्यायची असं ठरलं, तरी निर्णय अर्धाच झालेला असतो. हा विषय दोन तऱ्हांनी शिकवला जातो. काही अभ्यासक्रमांत निर्मितीवर भर असतो: रेखाटन, स्थिरचित्र, रचना, छपाई, मातीकाम. काहींत कलेचा इतिहास आणि रसग्रहण मुख्य असतं, तिथे ब्रश हातात न धरताही पुढे जाता येतं.

आधी वेळेचं बघा, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. निर्मितीचा विषय तास खातो. तैलरंगाचा थर वाळायला दिवस जातात. जलरंगात उजेडाची जागा कोरी राखायला विसरलात, तर बऱ्याचदा नवा कागद घेण्यावाचून गत्यंतर नसतं. इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या (आपल्या बारावीच्या पातळीची परीक्षा) ‘आर्ट अँड डिझाइन’मध्ये 60 टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावरच्या कामाला असतात आणि 40 टक्के परीक्षा मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला. या दुसऱ्या भागाच्या शेवटी देखरेखीखाली 15 तास बसून काम करावं लागतं. आदल्या रात्री जागून हे होत नाही. रसग्रहणाचा अभ्यास मात्र इतर लेखी विषयांसारखा वेळापत्रकात बसतो आणि साहित्याचा खर्चही फारसा नसतो. सोबत जड विषय असतील तर हा फरक मनावर घ्या.

रसग्रहण म्हणजे सनावळ्या पाठ करणं, हा समज मला फार खटकतो. कलाशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक एडमंड बर्क फेल्डमन यांनी मांडलेल्या चार पायऱ्या अनेक वर्गांत वापरतात: वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि मग निवाडा. चित्र आवडलं की नाही हे अगदी शेवटी, आणि तेही कारणं देऊन. पिकासोचं 1937 मधलं ‘गेर्निका’ घ्या. साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब अशा त्या चित्राची घडण छायाचित्रकार डोरा मार यांनी टप्प्याटप्प्याने छायाचित्रांत टिपली. सुरुवातीच्या टप्प्यांत मूठ आवळून उंचावलेला एक हात आहे, अंतिम चित्रात तो नाही. तो का गेला असेल, यावर दोन पानं लिहायची म्हटली तर चित्राची सगळी रचना उलगडून बघावी लागते. हे लिहिताना तुम्हाला मजा येणार असेल, तर कलेचा इतिहास तुमचा आहे.

आणि नेमकं हेच निर्मितीच्या विद्यार्थ्यालाही हवं असतं! स्वतःच्या चित्रातलं काय खोडायचं हे त्याला दुसऱ्यांची चित्रं बघूनच कळतं. म्हणून ए-लेव्हलच्या त्या स्वतः निवडलेल्या विषयावरच्या कामासोबत किमान 1000 शब्दांचं लेखन मागतात. भारतात सीबीएसईच्या बारावीच्या चित्रकलेत 70 गुण प्रात्यक्षिकाला आणि 30 लेखीला आहेत. लेखीत लघुचित्रशैलींपासून आधुनिक भारतीय कलेपर्यंतचा इतिहास येतो. मात्र लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळे असले, की दोन्हींची सांगड घालणं बरंचसं शिक्षकांवर राहतं.

पुढे वास्तुकला, डिझाइन किंवा ललित कलेकडे जायचं असेल, तर मी निःसंकोच निर्मितीचा अभ्यासक्रम सुचवेन. तिथे प्रवेशाला अनेकदा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचा संच, मागतात आणि तो घाईत उभा राहत नाही. संग्रहालयं, संवर्धन, लेखन, इतिहास यांकडे ओढा असेल तर दुसरा. तरीही आठवड्यातून एकदा पेन्सिल हातात घ्याच. एखाद्या चित्राची नक्कल करताना त्यात जे दिसतं, ते नुसतं बघून सहसा दिसत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या स्केचबुक मागून बघा. भिंतीवर लावलेली पूर्ण चित्रं नकोत, स्केचबुकच. पानांवर एकाच रचनेचे चार-पाच प्रयत्न, शेजारी कुठल्यातरी चित्रकाराचं काम आणि त्यातून काय घेतलं याची विद्यार्थ्याच्या शब्दांतली टिपणं असतील, तर खुशाल प्रवेश घ्या. नुसती छापील चित्रं आणि चरित्रं चिकटवलेली असतील, तर आणखी एखादं ठिकाण बघा.