हिब्रू आधी की अरबी? बोलींच्या अंगाने पाहिलं तर

उजवीकडून डावीकडे लिपी, तीन व्यंजनांचे धातू, छापील मजकुरात गाळलेले स्वर ही कटकट दोन्हींकडे आहे. आधी कोणती शिकायची, ही निवड ठरते ती बोलींवर.

हिब्रूत बोलीभेद म्हणजे मुख्यतः उच्चारभेद. शनिवारच्या विश्रांतिदिवसाला अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू) 'शब्बोस' म्हणतात, सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालचे ज्यू) 'शब्बात'. येमेनी ज्यू आयिन आणि हेत ही अक्षरं घशातून स्वच्छ काढतात, शब्दारंभीच्या गिमेलचा, म्हणजे 'ग'चा, 'ज' करतात. (अरबी उंट 'जमल', कैरोत मात्र 'गमल'. म्हणजे तिथे नेमकं उलट!) आजच्या इस्रायली हिब्रूने सेफार्दी स्वर घेतले आणि घशातले वर्ण बहुतेक सोडून दिले. त्याची किंमत लिहिताना मोजावी लागते. 'इम' आलेफने लिहिलं तर 'जर', आयिनने लिहिलं तर 'सोबत'. कानाला दोन्ही एकच. तेत-ताव (दोन्ही 'त'), काफ-कोफ (दोन्ही 'क') यांचीही तीच गत. म्हणून नवा शब्द पहिल्याच दिवशी अक्षरांसकट पाठ करावा. त्सादे मात्र आपल्याला फुकट मिळतो, 'चांगला'मधला च.

अरबी लिपी या बाबतीत सरळ, वेगळ्या ध्वनीला वेगळं अक्षर. पण 'आता' म्हणायला पुस्तकात 'अल-आन', कैरोत 'दिलवअ्ती', दमास्कसला 'हल्लअ', बगदादला 'हस्सा', आखातात 'अल्हीन', मोरोक्कोत 'दाबा'. शब्दांचं एवढं काही नाही, ते घोकता येतात. मला वैताग आणला तो क्रियापदाच्या उपसर्गांनी. कैरोत 'बरूह' म्हणजे 'मी जातो'. कुवेत-दुबईकडे तेच 'बरूह' म्हणजे 'मी जाईन', आणि पुस्तकी अरबीत हा 'ब' मुळी नाहीच. 'नि' लावला की कैरोत कर्ता 'आम्ही', ट्युनिसमध्ये 'मी'. यात वाईट असं की ऐकणारा दुरुस्तही करत नाही. त्याच्या बोलीत वाक्य बरोबरच असतं, फक्त तुम्हाला म्हणायचं होतं ते नसतं. हिब्रूत उच्चार चुकला तर फार तर परका माणूस म्हणून ओळखतात. क्रियापदाचा काळ आणि कर्ता जागेवर राहतात.

आखातात नोकरी ठरली असेल तर अर्थातच हा विचार बाजूला ठेवून थेट आखाती बोली धरा. इजिप्शियन धड्यांचा 'ब' तिथे नडेल. तशी घाई नसेल तर माझा कल आधी हिब्रूकडे. पुढे अरबी घेताना 'शालोम-सलाम' (शांती), 'शेमेश-शम्स' (सूर्य) अशा जोड्या लागतात, बरेच शब्द ओळखीचे वाटू लागतात. अरबीत मग एकच शहर निवडा. दमास्कस मला सोपं वाटतं, कारण क्रियापदाचा नकार एका 'मा'वर भागतो ('मा बअरिफ', माहीत नाही). कैरोत शेवटी 'श'ही जोडावा लागतो. आणि ती बोली जिभेवर बसेपर्यंत इजिप्शियन मालिका बंद.