बिलात हेडचं फेसिंग, हेडवर पॉलिश पेपर

ट्रकवाल्यांनो, इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, उतरवायची वेळ आली तर आधी हे वाचा आणि मगच गाडी गॅरेजवर सोडा.

माझी चार सिलिंडरची डिझेल गाडी मार्केट यार्डातून साताऱ्याकडे माल नेते, चालवतोही मीच. खंबाटकी घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. पुण्यात हायवेलगतच्या गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधलं गळती रोखणारं सील) उडाल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. लबाडी पुढे झाली. कंपनीची गॅस्केट, नवे हेड बोल्ट, हेडचं फेसिंग (मशीनवर तळ सपाट करणं), प्रेशर टेस्टिंग (तडा-गळती तपासणं), सगळ्याचे पैसे त्याने घेतले. थोड्याच दिवसांत कात्रजच्या चढाला पुन्हा तेच, आणि या वेळी डिपस्टिकवर ऑइल दुधाळ.

दुसऱ्या मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि मला हाक मारली. "शेठ, हे मशीनला गेलेलंच नाही." मशीनवर घेतलेल्या हेडवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारख्या बारीक रेघा दिसतात. इथे हाताने पेपर मारल्याचे गोल ओरखडे होते आणि पाण्याच्या भोकांभोवती जुना काळा डाग तसाच. त्यांनी स्टीलची सरळ पट्टी आडवी धरली, तर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध खालून उजेड आला. फट मोजायच्या फिलर गेजचं ०.१५ मिलिमीटरचं पान अलगद आत सरकलं. अशा वाकलेल्या हेडवर कितीही भारी गॅस्केट टाका, ती धरणारच नाही. बोल्टही जुनेच, आट्यांजवळ ताणून बारीक झालेले. ऑइलमध्ये गेलेल्या पाण्याने बेअरिंगं खाल्ली, तो खर्च वेगळाच. भरल्या गाडीनिशी घाटात अडकलेल्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे, याचा मला खरा संताप येतो.

म्हणून हेड मशीन शॉपला स्वतः घेऊन जा आणि पावती आपल्या नावावर करा. जुने बोल्ट, जुनी गॅस्केट मागून घ्या. बऱ्याच डिझेल इंजिनांना वेगवेगळ्या जाडीच्या गॅस्केट येतात, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी ओळखता येते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी ठरवली का, हे विचारा. बोल्ट टॉर्क पान्यानेच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना), कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळले पाहिजेत.

स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, मुदत २ वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पक्कं बिल, हेडचे फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रींचं लेखी म्हणणं जोडून मी तक्रार दाखल केली आहे.