खाडीकाठी कार्बन ट्रायपॉड : ट्विस्ट लॉक की फ्लिप लॉक?

कार्बन फायबरचाच घ्यायचा, एवढं ठरलंय असं धरून लिहितो. ॲल्युमिनियम की कार्बन हा वाद इथे काढत नाही. दोन किलोची लेन्स, बॉडी, पाण्याची बाटली आणि ट्रायपॉड घेऊन नवी मुंबईतल्या सीवूड्स स्टेशनपासून टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बांधापर्यंत एकदा चालत गेलात, की तो वाद तिथेच मिटतो. उंची, बबल लेव्हल, एक पाय काढून मोनोपॉड होतो की नाही, हेही तुम्हाला दुकानाच्या पानावर वाचता येईल. मला लिहायचंय ते पायांच्या लॉकबद्दल. माझ्या बाबतीत निकाल त्याच एका गोष्टीवर लागला आणि घेण्यापूर्वी मी तिचा सगळ्यात कमी विचार केला होता.

दोन्ही प्रकार मी स्वतःच्या पैशांनी घेऊन वापरलेत. पहिला ट्विस्ट लॉकचा, म्हणजे नळीभोवतीची कॉलर फिरवून आवळायचा, चार टप्प्यांचा (एका पायात एकात एक सरकणाऱ्या चार नळ्या), २८ मिमीच्या नळीचा. तो अडीच वर्षं वापरला. आताचा फ्लिप लॉकचा, म्हणजे खटक्यांचा, तीन टप्प्यांचा. याला दोन हंगाम झाले. कुठल्या कंपनीचे ते मुद्दाम सांगत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. मॅनफ्रोटोसारख्या एकाच कंपनीकडे ०५५ मालिकेत खटके मिळतात आणि १९० गो मध्ये ट्विस्ट. बाकी बाजारात मात्र ट्विस्टचंच राज्य आहे. १९९४ साली गिट्झोने पहिला कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणला. आज लिओफोटो, सिरुई, बेनरो कुणाचाही चांगला कार्बन पाहायला गेलात तर बहुतेक वेळा हातात ट्विस्ट लॉकच येतो. त्यामुळे ‘सगळे घेतात तेच बरं असणार’ असं वाटणं साहजिक आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

ट्विस्टच्या चांगल्या बाजू आधी सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. बंद ट्रायपॉडच्या एका पायाचे तिन्ही लॉक एका मुठीत येतात, पाव वळसा दिला की पाय सरळ खाली. बाहेर काही डोकावत नसल्यामुळे हार्बर लाईनच्या गर्दीत शेजाऱ्याच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकत नाही. ठाण्याचा माझा मावसभाऊ येऊरला जातो, त्याचा तर ट्विस्टशिवाय दुसऱ्या कशावर विश्वासच नाही. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढताना खटके फांद्यांना अडकतात, कधी अडकून उघडतातही, आणि वाटेत कुठेतरी पाय आपोआप लांब झालेला असतो. हे मी त्याच्याबरोबर चालताना स्वतः अनुभवलंय. कोरडं जंगल, सुकी माती, पालापाचोळा, एवढंच तुमचं क्षेत्र असेल तर त्याचं ऐका. त्यात वावगं काही नाही.

पण नवी मुंबईत राहून कॅमेरा घेतलेला माणूस फार दिवस जंगलात राहत नाही, तो खाडीकडे वळतोच. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. ओहोटीला ते खाडीतल्या उघड्या गाळावर चरायला पांगतात, भरती चढली की आतल्या पाणथळींत येतात. म्हणून आपण भरतीचं वेळापत्रक बघून पहाटे बांधावर पोचतो, आणि पाण्याच्या पातळीवरून फोटो हवा म्हणून बांधावरून दोन पावलं खाली उतरतो. ती दोन पावलं गाळात असतात. खाडीचा गाळ म्हणजे साधी ओली माती नव्हे. हातात घेतला तर लोण्यासारखा मऊ लागतो, पण त्यात बारीक रेती, शिंपल्यांचा चुरा आणि मीठ असतं.

जानेवारीतली एक पहाट होती. अंधारातच पाय उघडले, लॉक आवळले, १५०-६०० मिमीची लेन्स बसवली. उजेड झाला तेव्हा चाळीसेक पक्ष्यांचा थवा समोर होता, पाणी आरशासारखं. मी फ्रेम लावायचो, आणि शटर दाबेपर्यंत फ्रेम किंचित खाली गेलेली असायची. आधी वाटलं हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा भाग, घसरतंय. ते आवळलं. मग वाटलं पाय गाळात रुततोय. तो उचलून बांधाच्या दगडावर ठेवला, तरीही तेच. शेवटी लक्षात आलं की डाव्या पायाचा सगळ्यात खालचा लॉक हळूहळू सरकतोय. गंमत म्हणजे तो मी दोनदा हात लावून पाहिला होता आणि दोन्ही वेळा हाताला घट्ट लागला होता. आट्यांमध्ये रेतीचे कण बसले होते. कणांमुळे कॉलर फिरायची थांबते, हाताला वाटतं लॉक लागला, पण आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या नळीला धरतच नाहीत. तो घट्टपणा रेतीचा होता, लॉकचा नव्हता. त्या दिवशीचे निम्म्याहून जास्त फोटो हललेले निघाले. आणि तो थवा तसा परत कधी बसलेला मला दिसला नाही.

माझी ट्विस्टबद्दलची तक्रार एवढीच आहे, पण ती मूळातली आहे. ट्विस्ट लॉक लागलाय की नाही हे फक्त हाताला कळतं, आणि चिखलात हात फसतो. खटका डोळ्यांना दिसतो. नळीला चिकटून सपाट बसला असेल तर लागला, वर उभा असेल तर नाही. मध्ये खडा आला तर तो सपाट बसतच नाही, तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. चार पावलांवरून, अर्ध्या अंधारात, एका नजरेत सहाही लॉक तपासता येतात.

दुसरा भाग घरी आल्यावरचा. चिखलातून आलेला ट्विस्ट नुसता धुवून भागत नाही, खोलावा लागतो. चार टप्पे म्हणजे एका पायाला तीन, तीन पायांना नऊ लॉक. प्रत्येकातून दोन अर्धगोल पट्ट्या आणि एक खालचा बुश निघतो. ते त्याच क्रमाने परत बसवायचे, आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यायचा, पण ग्रीस नळीला लागू द्यायचं नाही. माझी एक पट्टी मोरीच्या जाळीतून गेली, ती मिळवायला तीन आठवडे लागले, तोवर ट्रायपॉड दोन पायांचा. रविवारी सकाळी नऊला घरी यायचं आणि जेवणाची वेळ होईपर्यंत मोरीत बसायचं, असं दर आठवड्याला झालं की माणूस चिखलात उतरायचंच टाळायला लागतो. मी टाळायला लागलो होतो. फोटो बांधावरून, उभ्या उंचीवरून, सगळे सारखे. ट्रायपॉड बदलायचं खरं कारण ते होतं.

खटक्यांचा मी बादलीत उभा करतो, सगळे खटके उघडून पाय वरखाली करतो, गोड्या पाण्याने धुतो आणि गॅलरीत उलटा टेकवून ठेवतो. दहा मिनिटं. गोडं पाणी मात्र दोन्ही प्रकारांत चुकवू नका. कार्बन स्वतः गंजत नाही, पण तो वीज वाहून नेतो. त्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या कड्याच्या मध्ये खारं पाणी राहिलं की गंज ॲल्युमिनियमला चढतो. जोडाजवळ पांढरी भुकटी दिसायला लागली तर समजा की तेच चाललंय.

खटक्यांचे दोष लपवत नाही. त्यांचे बोल्ट वापरून सैल होतात, ॲलन की बॅगेत कायम ठेवावी लागते, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक खटक्याचा ताण पाहावा लागतो. सैल राहिला तर पाय सरकतो आणि भीतीपोटी फार आवळला तर कार्बनच्या नळीवर दाब येतो, ते तर आणखी वाईट. नळी चिरली की दुरुस्ती नाही. घाईत बोटाची कातडी चिमटते. तीन टप्प्यांचा असल्यामुळे मिटूनही लांब राहतो, लोकलच्या रॅकवर आडवा ठेवला की दोघांची जागा खातो. वजनही थोडं जास्त. ०५५ चा तीन टप्प्यांचा कार्बन हेडशिवायच दोन किलोचा आहे. ट्विस्टमध्ये तेवढ्याच जाडीचा याहून हलका मिळू शकतो.

तरी टप्पे तीनच घ्या असं मी म्हणेन, लॉक कुठलाही असो. तीन टप्प्यांत सगळ्यात खालचा तुकडा लांब असतो, त्यामुळे पाय गाळात वीतभर गेला तरी लॉक वर कोरडा राहतो. शिवाय चौथा टप्पा नसल्याने सगळ्यात बारीक नळीच वगळली जाते, आणि वाऱ्यात थरथरते ती तीच. नळीची जाडी बघायला शिका. लिओफोटोच्या एलएस-३२४सी या नावातला ३२ म्हणजे वरच्या नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि ४ म्हणजे टप्पे. लांब लेन्सला २८ च्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. भारक्षमतेच्या आकड्यांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही, कारण प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीने ठरवते. फोर्टात बोरा बाजारात गेलात तर स्वतःची लेन्स घेऊन जा. ट्रायपॉडवर लावा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करा, लेन्सला बोटाने टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. दोन ट्रायपॉड शेजारी ठेवून हे केलं की आकड्यांपेक्षा जास्त कळतं.

सेंटर कॉलम, म्हणजे मधला वर-खाली होणारा दांडा, नसलेला मिळाला तर उत्तम, कारण जमिनीलगत पूर्ण पसरता येतो. माझ्या खटकेवाल्याला तो आहे, मला नकोय, आणि या बाबतीत माझा जुना ट्विस्टच सरस होता हे मान्य केलं पाहिजे. कार्बन, खटके, तीन टप्पे आणि कॉलम नाही, असं एकत्र मला अजून कुठल्या दुकानात हातात घ्यायला मिळालेलं नाही. ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीवर जाणार असाल तर मात्र दोन्ही घरीच ठेवा. इंजिनाची थरथर पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते, तिथे हातातच बरं.

तुमच्याकडे आधीच ट्विस्टचा असेल तर विकायची घाई करू नका. चिखलात उतरण्यापूर्वी नेहमीच्या उलट, सगळ्यात खालचा टप्पा आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक गाळाच्या वर राहील. पायांखाली डब्यांची तीन प्लॅस्टिकची झाकणं ठेवा, रुतणं बरंच कमी होतं. निघताना पाय सरळ उपसू नका, हलवत हलवत सैल करून काढा. नाहीतर खालचा रबरी बूट गाळातच राहतो. माझे असे दोन गेलेत.